रिकामं केलेलं बेट

मुंबईच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि नाकासमोर दक्षिणेकडे जात राहायचं. रेखांश जवळपास तोच राहतो. लक्षद्वीप मागे पडतं, मालदीव मागे पडतं, विषुववृत्त ओलांडलं जातं, आणि सुमारे २,९०० किलोमीटरवर डिएगो गार्सिया लागतं. चागोस द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट, भूगोलाच्या पुस्तकातलं कंकणद्वीप. मोठं म्हणायचं तेही चागोसच्या हिशेबाने, कारण एकूण जमीन जेमतेम ३० चौरस किलोमीटर. ओल्या वाळूत पाऊल उमटावं तसा त्याचा आकार आहे. मधे वीसेक किलोमीटर लांबीचं शांत खाजण आणि त्याभोवती प्रवाळाची चिंचोळी पट्टी, तीही बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दोन मीटरसुद्धा उंच नाही. या पट्टीवर आज १२,००० फूट लांबीची धावपट्टी आहे. अमेरिकेची सगळ्यात जड बॉम्बफेकी विमानं तिथून उडतात.

मुंबईचं नाव मी नुसतं दिशा सांगायला घेतलेलं नाही. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने याच बेटावर वसाहत करायला जहाजं पाठवली होती. हिंदी महासागराच्या मधोमध जहाजांना पाणी, अन्न आणि आसरा मिळेल असं ठाणं कंपनीला हवं होतं. सर्वेक्षणाला होता बॉम्बे मरीनचा आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्याचं नाव पुढे अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला लागलं. त्याने खाजणाचा नकाशा काढला. पण मॉरिशसचे फ्रेंच लोक बेटावर आधीच पोचले होते. त्यांनी हरकत घेतली, आणि त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. समुद्राच्या मधोमध एक सोयीचं ठाणं असावं आणि तिथल्या माणसांची कटकट नसावी, ही इच्छा या बेटाच्या बाबतीत अशी जुनी आहे.

फ्रेंचांनी बेटावर नारळ लावले आणि ते काढायला मोझांबिक आणि मादागास्करमधून माणसं आणली, गुलाम म्हणून. १८१४च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याच्या बरोबरीने चागोस ब्रिटिशांकडे आलं. १८३५मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण माणसं तिथेच राहिली. पुढे काही हिंदुस्तानी मजूरही त्यांच्यात मिसळले. सहा-सात पिढ्यांत त्यांची स्वतःची क्रिओल बोली झाली, स्वतःची गाणी, स्वतःचं चर्च, स्वतःची दफनभूमी. ‘इलोआ’, म्हणजे बेटकरी, असं त्यांना म्हणत.

त्यांचं काम कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. नारळ गोळा करायचे, सोलायचे, फोडायचे, खोबरं वाळवायचं. तेल काढायला घाणा होता आणि घाण्याला गाढवं जुंपलेली असत. पाऊस आला तरी खोबरं वाळावं म्हणून खास कोठार होतं. त्यात खाली सोडणं जाळून वर खोबरं सुकवत. मजुरी तुटपुंजी होती, मालकाचा हुकूम चालत होता, तिथे कुणी सुखात लोळत नव्हतं. पण घर होतं, परसात कोंबड्या आणि भाजी होती, खाजणात मासे होते. जवळपास प्रत्येक घरात कुत्रा होता, आणि मासे पकडायलाही कुत्रे माणसांबरोबर उथळ पाण्यात उतरत. या कुत्र्यांकडे मला पुन्हा यायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी खाजणात कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं ठेवली. जपानी आणि जर्मन पाणबुड्यांवर ती नजर ठेवत. १९४४च्या वादळात त्यांतलं एक किनाऱ्यावर फेकलं गेलं, आणि त्याचा सांगाडा कित्येक वर्षं माडांखाली पडून होता. युद्ध संपलं, विमानं गेली, बेट पुन्हा खोबरं वाळवू लागलं. पण लष्करी कागदांत त्याची नोंद राहिली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलात स्टुअर्ट बार्बर नावाचा नियोजन अधिकारी एका प्रश्नावर काम करत होता. आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि नवी सरकारं आपल्या भूमीवर परक्यांचे तळ ठेवतील याचा भरवसा नव्हता. मग तळ उभारायचे कुठे? बार्बरचं उत्तर होतं, लहान, दूरची, तुरळक वस्तीची बेटं, जी अजून एखाद्या मित्र वसाहतवाल्याच्या ताब्यात आहेत. ती स्वतंत्र व्हायच्या आत हातात घ्यायची. नकाशे चाळताना त्याची नजर डिएगो गार्सियावर थांबली. मोठ्या जहाजांना पुरेल असं सुरक्षित खाजण आणि धावपट्टीला पुरेल एवढी सरळ जमीन, दोन्ही तिथे होतं.

त्यानंतरचं राजकारण लंडनमध्ये घडलं. सप्टेंबर १९६५मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लँकेस्टर हाउसमध्ये चालू होती. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सर शिवसागर रामगुलाम यांना वेगळं बोलावून घेतलं. रामगुलाम हे बिहारमधून उसाच्या मळ्यावर गेलेल्या घरातले, मॉरिशसचे नेते. या भेटीसाठी विल्सन यांच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या टिपणात लिहिलं होतं की रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेलही, न मिळेलही. चागोस सोडलं तर वाट सोपी होईल. मोबदला ठरला ३० लाख पौंड. ८ नोव्हेंबर १९६५ला राणीच्या हुकमाने ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ ही नवी वसाहत जन्माला आली. जग वसाहती सोडत असताना ब्रिटन एक नवी वसाहत काढत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबरातच ठराव करून मॉरिशसचे तुकडे करू नका असं बजावलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

३० डिसेंबर १९६६ला अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण होऊन करार झाला. पन्नास वर्षं, आणि पुढे वीस वर्षांची वाढ. तह म्हटला की संसदेत न्यावा लागतो, म्हणून नुसती पत्रं. भाडं वरवर काहीच नाही. आतून मात्र पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली होती, आणि ती ब्रिटिश संसद आणि अमेरिकी काँग्रेस दोघांपासूनही लपवलेली होती.

आता उरली माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार वसाहतीत कायमची वस्ती असेल तर तिच्या हिताचा हिशेब द्यावा लागतो. मग ठरलं की इथे कायमची वस्ती नाहीच, जे दिसतात ते येऊनजाऊन राहणारे कंत्राटी मजूर. दफनभूमीत पणजोबाची कबर असलेला माणूस कागदावर कंत्राटी मजूर झाला. १९६६च्या एका ब्रिटिश सरकारी टिपणात परराष्ट्र खात्यातला वरिष्ठ अधिकारी लिहितो की आपल्याला हवेत ते खडक, तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज कुणी मूळ रहिवासी असणार नाही, आणि पक्ष्यांची अजून समिती नाही. त्याखाली त्याच खात्यातल्या डेनिस ग्रीनहिल यांनी हाताने भर घातली: दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि मॅन फ्रायडेही आहेत, त्यांचं मूळ अस्पष्ट आहे. हे टिपण पुढे न्यायालयात बाहेर आलं. मी ते जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्यातल्या थट्टेचा सूरच मनात जास्त सलतो. हजारो मैलांवरच्या त्या माणसांची लिहिणाऱ्याला जराही भीती नाही.

याच काळात ब्रिटिश हवाई दलाला आल्डाब्रा या दुसऱ्या बेटावर तळ हवा होता. आल्डाब्रावर महाकाय कासवं राहतात. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरच्या शास्त्रज्ञांनी गदारोळ केला, वर्तमानपत्रांत पत्रं आली, संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि १९६७मध्ये, ब्रिटनची आर्थिक ओढाताणही होतीच, ती योजना रद्द झाली. कासवं वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण चागोसच्या माणसांसाठी एकही पत्र आलं नाही, कारण ती तिथे आहेत हेच कुणाला कळू दिलेलं नव्हतं.

बेट रिकामं करणं टप्प्याटप्प्याने झालं. १९६७मध्ये ब्रिटिश सरकारने माडांच्या वाड्या कंपनीकडून ६,६०,००० पौंडांना विकत घेतल्या. पुढच्या वर्षापासून, जे बेटकरी औषधपाण्याला किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेले, त्यांना परतीचं जहाज मिळेनासं झालं. पेरोस बानोस बेटावरची रीता बँकूल ही बाई १९६८मध्ये गाडीच्या चाकाखाली पाय आलेल्या मुलीला घेऊन मॉरिशसला आली होती. मुलगी वाचली नाही. परतायचं म्हणून ती चौकशीला गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की तुमचं बेट विकलं गेलंय. इकडे बेटांवर धान्याची जहाजं कमी होत गेली, डॉक्टर-शिक्षक निघून गेले. १९७१च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाच्या बांधकाम तुकड्या डिएगो गार्सियावर उतरल्या. एप्रिलमध्ये कायदा झाला की परवान्याशिवाय या प्रदेशात राहणं गुन्हा आहे.

मग कुत्र्यांची पाळी आली. प्रदेशाचे आयुक्त सर ब्रूस ग्रेटबॅच यांचा हुकूम होता की बेटावरची कुत्री मारून टाका. आधी गोळ्या घालून पाहिल्या, मग विष घातलेलं मांस टाकलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा कुत्री खोबरं वाळवायच्या कोठारात कोंडली आणि अमेरिकी लष्करी गाड्यांचा धूर नळीने आत सोडला. हजाराच्या आसपास कुत्री मारली गेली. सगळी हकीकत वाडीच्या व्यवस्थापकाने पुढे शपथेवर लिहून दिली आहे. प्रेतं तिथेच सोडणांवर जाळली. ज्या कोठाराच्या वासावर पिढ्या वाढल्या, ते कोठार. बाहेर मुलं होती. बेटकऱ्यांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, आता आपलीही पाळी.

ऑक्टोबर १९७१पर्यंत डिएगो गार्सियावरचे शेवटचे रहिवासी निघाले. सामान म्हणून एखादी पेटी आणि गादी. नॉर्डव्हेअर नावाच्या लहान मालवाहू जहाजावर क्षमतेच्या कितीतरी पटीने माणसं भरली होती. वरच्या डेकवर वाडीचे घोडे, आणि खाली तळघरात पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावर बायका-मुलं झोपलेली. काहींना आधी पेरोस बानोस आणि सालोमन या शेजारच्या बेटांवर सोडलं. १९७३पर्यंत तीही रिकामी केली. सगळे मिळून दीड ते दोन हजार लोक. १९७३मध्ये मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर शंभराहून जास्त जणांनी जहाजातून उतरायलाच नकार दिला. उतरून जायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

ज्या मॉरिशसमध्ये ते उतरले तिथे कोकणातून गेलेल्या मराठी घरांच्याही पिढ्या नांदत होत्या, गणेश चतुर्थी करत होत्या. त्या घरांचेही पूर्वज हलाखीतच आले होते, पण त्यांच्यामागे शंभर वर्षांची घडी बसलेली होती. चागोसकरांकडे काहीच नव्हतं. नारळ सोलण्यात आणि मासे पकडण्यात तरबेज असलेली माणसं रॉश ब्वा आणि कासी या वस्त्यांतल्या पत्र्याच्या झोपड्यांत आली, ऐन बेकारीच्या काळात. क्रिओलमध्ये ते एक शब्द वापरतात, सग्रें. दुःख म्हणावं तर कमी पडतं. घराच्या ओढीने माणूस झुरत जातो आणि एके दिवशी मरतो, त्याचं कारण विचारलं की सांगतात, सग्रें. लिझेत तालात यांनी आल्यानंतर थोड्याच दिवसांत आपली दोन मुलं गमावली आणि कारण म्हणून त्यांनी हाच शब्द सांगितला. पुढे त्या, शार्लेझिया अलेक्सिस आणि रीता बँकूल रस्त्यावर उतरल्या, उपोषणं केली, अटका झाल्या. १९८२मध्ये ब्रिटनने ४० लाख पौंड देऊ केले. पैसे घेताना एका इंग्रजी कागदावर अंगठा मागितला. घरी परतण्याचा हक्क सोडतो असा त्याचा अर्थ होता, हे अनेकींना फार उशिरा कळलं.

बेटावर तोपर्यंत खाजणातला प्रवाळ उपसून, दळून, त्याचीच धावपट्टी तयार झाली होती. १९७२च्या नाताळात सैनिकांच्या करमणुकीला बॉब होप येऊन गेला. १९७३मध्ये संदेशवहन केंद्र सुरू झालं. अमेरिकी सरकार सांगत होतं की हे साधंसं दळणवळण ठाणं आहे, पण वर्षभरातच विस्ताराचे पैसे मागितले गेले. हिंदी महासागर शांतता क्षेत्र असावं हा ठराव संयुक्त राष्ट्रांत १९७१मध्येच झाला होता, श्रीलंकेच्या पुढाकाराने. इंदिरा गांधींच्या सरकारने विस्ताराला कडाडून विरोध केला. त्या वर्षांत डिएगो गार्सिया हे नाव आपल्याकडच्या वाचकाला वर्तमानपत्रांतून तोंडपाठ झालं होतं. मात्र तिथे माणसं राहत होती आणि त्यांना हुसकावलं गेलं, ही बातमी जगाला सप्टेंबर १९७५मध्ये कळली, वॉशिंग्टन पोस्टमधून. अमेरिकी काँग्रेसने एक दिवस सुनावणी घेतली आणि विषय मिटला.

१९७९मध्ये इराणचा शहा गेला आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हापासून तळाचं रूप पालटलं. धावपट्टी वाढली. रणगाडे, दारूगोळा आणि इंधन भरलेली जहाजं खाजणात कायमची नांगरून ठेवली गेली, म्हणजे युद्ध लागलं की माणसं विमानाने येतील आणि सामान इथून निघेल. ऑगस्ट १९९०मध्ये सद्दामने कुवेत घेतलं, तेव्हा हीच जहाजं सौदी अरेबियात लवकर पोचलेल्यांत होती. १९९१च्या आखाती युद्धात बी-५२ विमानं इथून इराकवर जात. ऑक्टोबर २००१पासून बी-५२ आणि बी-१ विमानं चार हजारांहून जास्त किलोमीटर कापून अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकून परत येत. २००३मध्ये पुन्हा इराक. २००८मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना संसदेत कबूल करावं लागलं की २००२मध्ये बंदी घेऊन जाणारी सीआयएची दोन विमानं इथे उतरली होती. आधीच्या सरकारी निवेदनांत हे साफ नाकारलं होतं. २०२५च्या वसंतात बी-२ विमानं रांगेत उभी असलेली उपग्रह छायाचित्रांत दिसली.

तळाचा एक भाग तर आपल्या खिशापर्यंत येतो. जीपीएसच्या उपग्रहांवर लक्ष ठेवणाऱ्या जगातल्या मोजक्या ठाण्यांपैकी एक डिएगो गार्सियावर आहे. पत्ता शोधायला फोनवर नकाशा उघडतो, तेव्हा आपण नकळत या बेटाचा आधार घेत असतो. या तळावर स्वयंपाक, सफाई, दुरुस्ती करायला फिलिपिन्समधून कामगार येतात, मॉरिशसमधूनही येतात. ज्यांचं बेट, त्या चागोसकरांना मात्र कित्येक वर्षं तिथे नोकरीलाही घेत नसत.

रीता बँकूल यांच्याबरोबर चार वर्षांचा मुलगा मॉरिशसला आला होता, ऑलिव्हिए. तो मोठा होऊन वीजकाम करू लागला आणि त्याने ब्रिटिश सरकारला लंडनच्या न्यायालयात खेचलं. ३ नोव्हेंबर २०००ला उच्च न्यायालयाने हकालपट्टीचा कायदा बेकायदा ठरवला. न्यायालयाबाहेर त्याने दोन बोटं वर करून विजयाची खूण केली. २००४मध्ये सरकारने संसदेला बगल देऊन पुन्हा राणीच्या हुकमाने दार बंद केलं. खालच्या न्यायालयांत चागोसकर जिंकत गेले, आणि २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. २०१०मध्ये ब्रिटनने द्वीपसमूहाभोवती भलं मोठं संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर केलं. विकिलीक्सने उघड केलेल्या, आदल्या वर्षीच्या एका अमेरिकी तारेत लंडनमधल्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की यानंतर माजी रहिवाशांचा परतीचा दावा टिकणं अवघड होईल. मॅन फ्रायडे हा शब्द त्या तारेतही होता, त्रेचाळीस वर्षांनी.

मधे एकदा, एप्रिल २००६मध्ये, शंभरेक चागोसकरांना जहाजातून बेटं पाहायला नेलं होतं. राहायचं नाही, फक्त पाहायचं. ईस्ट पॉइंटला व्यवस्थापकाचं घर आणि चर्च उभं होतं. दफनभूमीत त्यांनी तण उपटलं, कबरी धुतल्या, फुलं वाहिली. घाण्याच्या गाढवांची पिल्लावळ आता रानटी होऊन माडांत मोकळी चरते.

स्टुअर्ट बार्बर निवृत्तीत बराच जगला. १९९१मध्ये त्याने वॉशिंग्टन पोस्टला पत्र लिहिलं की या माणसांना हुसकावण्याची लष्करी गरज नव्हती, त्यांना परत जाऊ द्यावं. ज्याने ते बेट नकाशावर हेरलं, त्याचंच हे म्हणणं, आणि मला ते वजनदार वाटतं.

२५ फेब्रुवारी २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर ताबा सोडावा. मे महिन्यात आमसभेने ते ११६ विरुद्ध ६ मतांनी उचलून धरलं. भारताचं मत मॉरिशसच्या बाजूने पडलं. २२ मे २०२५ला ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. मॉरिशसकडून सही होती नवीन रामगुलाम यांची, म्हणजे १९६५मध्ये विल्सन यांच्यासमोर बसलेल्या शिवसागर रामगुलाम यांच्या मुलाची. करारानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सियावरचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंडांनी. बाकीच्या बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल. डिएगो गार्सियावर नाही.

त्या सह्या सकाळीच व्हायच्या होत्या. पण आदल्या रात्री उशिरा लंडनच्या उच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांनी मनाई दिली. आम्हाला कुणी विचारलं का, असं म्हणत दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या स्त्रियांनी अर्ज केला होता. दुपारपर्यंत मनाई उठली आणि कार्यक्रम पार पडला. दोघींचाही जन्म डिएगो गार्सियावरचा.